सरपण, शेण आणि सरकारी अनुदान

घरातील जळण वाचावे, धूर कमी व्हावा, उजेड स्वस्तात मिळावा यासाठी सरकार गेली पाच-सहा दशके कुटुंबांना पैसे देत आले आहे. कधी ते गोबरगॅससाठी होते, कधी निर्धूर चुलीसाठी, कधी एका दिव्यासाठी, कधी गॅसच्या शेगडीसाठी. आणि आता छपरावरच्या सौर पत्र्यांसाठी आहे. या साऱ्या योजनांची कागदपत्रे एका ओळीत मांडली म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसू लागते. मदत नेहमी घरात आधीच असलेल्या कशावर तरी दिली गेली आहे. गुरे असतील तर गॅस, स्वतंत्र स्वयंपाकघर असेल तर चूल, मीटर असेल तर दिवा, स्वतःच्या नावावरचे छप्पर असेल तर सूर्य. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नव्हते त्याचा उल्लेख योजनेच्या प्रस्तावनेत अत्यंत कळवळ्याने येतो आणि अंमलबजावणीच्या कलमांत तो नाहीसा होतो. प्रस्तुत लेखात मला या नाहीशा होण्याचा इतिहास पाहावयाचा आहे.

दलित साहित्याच्या नियतकालिकात चुलीवर आणि शेणावर लेख कशाला, असे कोणी विचारील. आपल्या आत्मकथनांतून चूल, धूर, सरपणाला गेलेली आई आणि विझलेला जाळ पानोपानी येतात. त्यांचे आपण साहित्य म्हणून कौतुक करतो. परंतु त्या धुराला एक राजकीय अर्थशास्त्र आहे, त्याच्यावर सरकारचे पैसे खर्च झाले आहेत, आणि त्या पैशांचा हिशेब विचारणे हेही आपल्या चळवळीचे काम आहे.

गावगाड्यात जळण कोणाचे होते, हे आधी पाहिले पाहिजे. महाराच्या वतनी कामांत प्रेताला लाकडे पोचविणे होते. पाटलाच्या आणि मुक्कामाला आलेल्या अंमलदाराच्या घरी लाकडे फोडून देणे होते. म्हणजे गावाची चूल पेटती ठेवण्याचे काम ज्याच्याकडे, त्याला स्वतःच्या चुलीसाठी मात्र गावातले एकही झाड हक्काचे नव्हते. झाड बांधावरचे, बांध मालकाचा. शेण गोठ्यातले, गोठा मालकाचा. शेणगोठा करणारी बाई आमची. रानात पडलेले शेण वेचावे, काटक्या वेचाव्यात, हंगाम संपल्यावर मालकाने ‘ने’ म्हटले तर तुराट्या-पऱ्हाट्या उपटून आणाव्यात, असा हा व्यवहार होता. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, वेठ गेली. बांध मात्र राहिला. गावाने बहिष्कार टाकला की पिठाची गिरणी आणि दुकान बंद होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच दिवशी बांधावरची काडीही बंद होते आणि घरात पीठ असून भाकरी होत नाही, हे फारसे लिहिले जात नाही. जळण हे आपल्याकडे मालकाच्या मर्जीचे नाव होते.

या प्रश्नाला स्वातंत्र्यापूर्वीच्या शेवटच्या दशकात दोन उत्तरे दिली गेली. पहिले वर्ध्याहून आले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत जे प्रयोग केले त्यांत ‘मगन चूल’ होती. मातीचीच चूल, परंतु जाळ आतून फिरवून एकाहून अधिक भांड्यांना द्यावयाचा आणि धूर धुराड्याने बाहेर काढावयाचा, अशी तिची रचना. मगनलाल गांधींचे नाव तिला दिलेले होते. संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे साधे भाबडे ग्रामभक्त नव्हते. हिशेब जाणणारे अर्थशास्त्रज्ञ होते, आणि बाईच्या डोळ्यांतला धूर हा अर्थशास्त्राचा विषय आहे एवढे तरी या मंडळींना कळले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पुढे १९५३ मध्ये हैदराबादच्या इंजिनियरिंग संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी लाखो घरांसाठी निर्धूर स्वयंपाकघराची कल्पना मांडली, तीही याच परंपरेतली.

दुसरे उत्तर दिल्लीहून आले, आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद म्हणून वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ मध्ये युद्धोत्तर पुनर्रचनेच्या वीजविषयक समितीसमोर त्यांनी केलेली मांडणी आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावी. वीज मुबलक पाहिजे, स्वस्त पाहिजे आणि ती नफेखोरांच्या हाती राहता कामा नये, कारण तिच्याशिवाय उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणाशिवाय या देशाच्या दारिद्र्याला उतारा नाही, असा त्या मांडणीचा आशय आहे. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले ते त्यांच्याच कारकिर्दीत. वर्ध्याचा विचार गावातली चूल सुसह्य करण्याचा होता. बाबासाहेबांचा विचार माणसाला त्या चुलीपासून, बांधापासून आणि त्या गावापासूनच सोडविण्याचा होता. स्वतंत्र भारताच्या सरकारने मोठ्या कारखान्यांसाठी दुसरा विचार स्वीकारला आणि दलितांच्या वस्तीसाठी पहिला. ही वाटणी कोणी ठराव करून केली नाही, परंतु ती झाली.

आता गोबरगॅसकडे येऊ. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात तरंगत्या टाकीचे संयंत्र बनविले. १९६० च्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ते उचलून धरले. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्याला राष्ट्रीय महत्त्व आले. आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू होऊन अनुदान खेडोपाडी पोचले. यंत्र उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. शेणाचा गॅस जळतो आणि उरलेल्या मळीचे खतही होते. गोवरी जाळली तर दोन्ही जाते. प्रश्न यंत्राचा नाही, त्याच्या पोटाचा आहे. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. एका जनावराचे दहा किलो धरले तर दावणीला चार-पाच जनावरे पाहिजेत, आणि तीही गोठ्यात बांधलेली, रानात चरणारी नव्हेत. पुन्हा शेण कालवण्यास जवळजवळ तेवढेच पाणी पाहिजे. जिच्या वस्तीला पिण्याचे पाणी गावाच्या विहिरीवर ताटकळत घ्यावे लागत होते, तिने आणखी चार घागरी पाणी शेणात ओतावे, हे गणित कोणी मांडले? महाडचा सत्याग्रह १९२७ चा. त्यानंतर अर्धशतकाने आलेली योजनाही पाणी सर्वांना आहेच असे गृहीत धरून चालत होती.

या योजनेत अनुसूचित जाती-जमातींना अनुदानाचा दर अधिक ठेवलेला होता, आणि पुढेही तो अधिकच राहिला. २०१४ च्या दरांनुसार २ ते ६ घनमीटरच्या संयंत्राला सर्वसाधारण गटासाठी ९,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ११,००० रुपये होते. कागदावर हा सामाजिक न्यायच आहे. पण ज्याच्या दारात गाय नाही त्याला गायीच्या शेणावर दोन हजार रुपये जास्त देऊ करणे, याला काय म्हणावे? ज्याची गुरे आहेत तो नऊ हजार घेऊन गेला; ज्याची नाहीत त्याचे अकरा हजार सरकारकडेच सुरक्षित राहिले. आणि मग आढाव्यात लिहिले जाते की दलित लाभार्थींचा प्रतिसाद कमी आहे.

याहून गंभीर गोष्ट अशी की गोबरगॅसने शेणाला किंमत आणली. तोवर रानातले, रस्त्यातले शेण जी वेचील तिचे होते. संयंत्र बसविलेल्या शेतकऱ्याला शेणाचा पो न् पो हवा झाला. गुरे बांधली गेली. भूमिहीन बाईच्या गोवऱ्या आटल्या. १९७० च्या दशकातच काही जाणत्या अभ्यासकांनी हा धोका दाखविला होता. त्यावर उपाय म्हणून सामुदायिक संयंत्रांचे प्रयोग झाले. उत्तर प्रदेशात फतेहसिंग का पूरवा येथे झाला. कर्नाटकात पुरा या गावी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पुऱ्याचा धडा मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वयंपाकाला पुरेल एवढा गॅस सर्वांना मिळेना, तेव्हा त्या गॅसवर इंजिन चालवून गावाला नळाचे पाणी आणि दिवे देण्यात आले, आणि योजना उभी राहिली. पाणी आणि उजेड हे घरागणिक वाटता येतात. त्यासाठी कोणाच्या दावणीला किती गुरे आहेत हे पाहावे लागत नाही. शेण देणाऱ्यास पैसे आणि पाणी सर्वांस, अशी ती व्यवस्था होती. अनुदानाच्या मुख्य प्रवाहाने मात्र घरटी संयंत्राचीच वाट धरली, कारण घरटी संयंत्र मोजता येते.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते आपल्या दृष्टीने विषयाच्या गाभ्याचे आहे. भारतातला सुरुवातीचा बायोगॅस शेणाचा नव्हताच. १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मानवी मैल्यापासून गॅस काढण्यात आला होता. समाजाने टाकलेल्या माणसांच्या, समाजाने टाकलेल्या पदार्थापासून! मैल्याचे रूपांतर करावे आणि भंग्याच्या डोक्यावरची पाटी उतरवावी, हा विचार कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्यभर केला, देहूला डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेले ‘मलप्रभा’ संयंत्र प्रसारात आणले, बिहारमध्ये सुलभच्या सार्वजनिक संडासांवर १९८० च्या दशकात गॅस निघाला. ही माणसे बहुतेक सवर्ण होती आणि त्यांनी हे केले, हे मोकळ्या मनाने मान्य करावे. पाच माणसांच्या मैल्यावर एका घराचा स्वयंपाक होत नाही. हे काम वस्तीच्या पातळीवरच करावे लागते, हेही खरे. परंतु अनुदानाच्या योजनांत संडासजोडणी ही नेहमी पुरवणीच राहिली आणि शेण हेच मुख्य राहिले, यामागे केवळ तांत्रिक कारण आहे असे मला वाटत नाही. गायीचे शेण पवित्र आणि माणसाचा मैला विटाळाचा. ज्या गॅसला गाळून-जाळून कसलाही वास उरत नाही त्यालाही वर्ण चिकटला. ज्यांना पिढ्यान् पिढ्या हाताने मैला उचलायला लावले, त्यांच्यासाठी हे तंत्र सर्वांत मुक्तिदायी ठरले असते. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा १९९३ चा, आणि तो पुरेसा न ठरल्याने दुसरा २०१३ चा. शेणाच्या गॅसला त्याच्या आधी तीन दशके सरकारी आश्रय मिळालेला होता.

निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये प्रयोगादाखल निघाला, १९८५ नंतर देशभर पसरला आणि २००२ मध्ये केंद्राने तो गुंडाळून राज्यांच्या हवाली केला. या काळात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्याची नोंद आहे. साधी चूल जळणातली जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्याला देते. नव्या बांधीव चुलीने किमान वीस टक्के द्यावी अशी अट होती. म्हणजे सरपण निम्मे. ज्या बाईला मोळीसाठी अर्धा दिवस रानात जावे लागते तिच्या दृष्टीने निम्मे सरपण ही काही लहान गोष्ट नव्हे. येथेही अनुसूचित जातींसाठी अनुदानाचा वाटा अधिक होता, आणि येथे गायीची अट नव्हती. मग ही योजना आमच्याकडे का टिकली नाही?

मराठवाड्यातल्या आमच्या गावी बौद्धवाड्यात या चुली आल्या तेव्हा मी शाळेत होतो. एका दिवसात सात-आठ घरी चुली बसल्या. गवंडी बाहेरचा होता. त्याला चुलीमागे पैसे होते, म्हणून तो घाईत होता. आमचे घर एका खणाचे. त्यातच धान्याची कोठी, त्यातच अंथरुणे, त्यातच चूल. धुराड्याचा सिमेंटचा नळ वर काढायचा तर छप्पर फोडावे लागे, आणि फोडलेल्या छपरातून पावसाळ्यात पाणी येणार हे माझ्या आजीला गवंड्यापेक्षा चांगले कळत होते. तिने नळ भिंतीतून काढायला लावला. तो वाऱ्याच्या तोंडाला आला आणि सगळा धूर परत घरात. दुसरे असे की या चुलीचे तोंड लहान होते. आमचे जळण म्हणजे पऱ्हाट्या-तुराट्या. त्या लांबच्या लांब घालायच्या आणि जळतील तशा आत सारायच्या. तोडून बारीक करायच्या तर कोयता घेऊन बसणारे माणूस घरात पाहिजे, आणि घरातली सगळी माणसे रोजावर. शिवाय ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करून भाजतात; ती जागाच नव्या चुलीत नव्हती. ज्याने ही चूल काढली त्याच्या डोळ्यांसमोर भात आणि पोळी होती की काय, न कळे. मागच्या वैलावर वरण तेवढे बरे शिजे, असे आजी म्हणायची. पण वरण रोज कोठले? दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तिने समोरचा भाग फोडून तोंड मोठे केले होते. तपासणीला आलेल्या माणसाने दारातूनच पाहिले, ‘चूल आहे’ असे लिहिले आणि तो गेला. आत तो आला नाही. का आला नाही, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते.

हा अनुभव एका वाड्याचा आहे; पण देशभरच्या पाहण्यांतूनही निष्कर्ष याच दिशेने निघाले. आकडा बसविलेल्या चुलींचा ठेवला गेला, जळणाऱ्या चुलींचा नव्हे. मधू सरीन यांनी हरियाणातल्या नाडा गावी १९८० च्या सुमारास केलेले काम याला अपवाद होते; तेथे गावातल्या बायकांनाच चूल घडविण्यास शिकविले आणि त्यांच्या सूचनेने चूल बदलत गेली. आपल्या पुण्यातही ‘आरती’ या संस्थेने महाराष्ट्राच्या भाकरीला आणि जळणाला मानवेल अशा चुलीवर बराच विचार केला. परंतु सरकारी अनुदान हे नमुन्याला मिळते, बाईच्या सूचनेला मिळत नाही. चूल ही बाईची, अनुदानाचा अर्ज पुरुषाचा, आणि नमुना इंजिनियराचा. यात फुकाची मजुरी जिची वाचावयाची, तिचे मत विचारण्याचा रकानाच नव्हता.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. बाबासाहेबांच्या त्या मांडणीनंतर पंचेचाळीस वर्षांनी, १९८८-८९ मध्ये, ‘कुटीर ज्योती’ योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका दिव्याची जोडणी. एक दिवा! मुबलक आणि स्वस्त विजेचे जे स्वप्न त्यांनी पाहिले होते त्याचे हे आमच्या वाट्याला आलेले रूप. तरीही मी त्या दिव्याची टिंगल करणार नाही. त्या एका दिव्याखाली शिकलेली मुले आज या त्रैमासिकाची वाचक आहेत. २००५ मध्ये ती योजना राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेत विलीन झाली. पुढे २०१५ मध्ये एलईडी दिव्यांची ‘उजाला’ योजना आली, आणि या सगळ्या इतिहासात मला तीच सर्वांत कमी भेदभावाची वाटते. तिच्यात अनुदान नव्हतेच. सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली आणि २०१४ च्या आरंभी ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. ग्राहकाने तो वीजबिलातून दहा-दहा रुपयांनी फेडावा अशीही सोय होती. आधी पैसे भरा आणि मग परत मिळवा, अशी अट नव्हती. जातीचा दाखला नको, गाय नको, सातबारा नको. मीटर मात्र हवे होते. ज्यांच्याकडे तेही नव्हते ते येथेही बाहेर राहिले, पण त्यांची संख्या तोवर पुष्कळ कमी झाली होती.

आधी भरा, मग मिळवा. या चार शब्दांत गॅसच्या टाकीची सारी कथा आहे. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली. जोडणीसाठी १,६०० रुपयांचे साहाय्य; शेगडी आणि पहिली टाकी मात्र कर्जाऊ, आणि ते कर्ज पुढच्या टाक्यांच्या अनुदानातून कापून घ्यावयाचे. २०१८ मध्ये सर्व अनुसूचित जाती-जमातींची कुटुंबे पात्र ठरली. आठ कोटीव्या जोडणीचा समारंभ ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादला, आमच्याच मराठवाड्यात झाला. धुरातून सुटका करणारी एवढी मोठी योजना याआधी झाली नव्हती, आणि जोडणी घरातील बाईच्या नावावर हेही नवे होते. हे स्वच्छ मान्य करून मग पुढचा आकडा वाचावा. त्याच वर्षीच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार, वर्ष पुरे झालेल्या उज्ज्वला ग्राहकांची डिसेंबर २०१८ पर्यंतची सरासरी वर्षाला ३.२१ टाक्यांची होती. म्हणजे टाकी घरात आणि स्वयंपाक चुलीवर. अनुदान खात्यात नंतर जमा होणार. टाकीवाल्याला पूर्ण किंमत आज द्यावयाची. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात इतकी रक्कम एकावेळी कधी असते? महिन्याचा पगार मिळणाऱ्या माणसाने आखलेली ही योजना आहे, एवढेच म्हणता येईल. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात पहिली टाकी आणि शेगडी मोफत झाली, २०२२ पासून उज्ज्वलाच्या टाकीला २०० आणि २०२३ पासून ३०० रुपये अनुदान झाले. देण्याची रीत तीच राहिली.

हे केवळ आपल्याकडेच घडते काय? १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव आपण घेतले. तेव्हा त्या देशातल्या गरिबांच्या घराकडेही पाहणे गैर ठरणार नाही. तेथे प्रश्न उलटा आहे, चुलीच्या धुराचा नव्हे तर थंडीचा. १९७३ च्या तेलसंकटात मेन या राज्यात गरिबांच्या घरांच्या फटी बुजविण्याचे काम सुरू झाले, आणि १९७६ मध्ये केंद्रीय कायद्याने त्याची देशव्यापी योजना झाली. भिंतीत कापूस भरल्यासारखे आवरण, खिडक्यांची दुरुस्ती, जुनी भट्टी बदलणे हे सारे गरिबाला फुकट. योजना चांगली, आजवर लाखो घरांना तिचा लाभ झाला. परंतु तिच्यात एक नियम आहे: केलेल्या खर्चाइतके तरी इंधन वाचले पाहिजे. ज्या घराचे छप्परच गळते, तारा उघड्या आहेत, भिंतीला बुरशी आहे, तेथे हा हिशेब बसत नाही. अशा घराला ‘आधी दुरुस्ती करा, मग या’ असे सांगून परत पाठविले जाते. म्हणजे सर्वांत फाटके घर सर्वांत आधी बाद. शिवाय भाडेकरूला घरमालकाची संमती लागते. आणि फाटकी घरे, भाड्याची घरे काळ्यांच्या वाट्याला अधिक का आली, हेही इतिहासात नोंदलेले आहे: १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवून तेथे गृहकर्ज देणे धोक्याचे ठरविण्यात आले होते. नाकारलेल्या कर्जामुळे घर फाटके, आणि फाटके म्हणून पुन्हा मदत नाकारलेली. परत पाठविलेल्या घरांच्या दुरुस्तीसाठी तेथे वेगळा निधी २०२२ मध्ये निघाला, योजनेच्या आरंभानंतर शेहेचाळीस वर्षांनी. पण निघाला, हे महत्त्वाचे. आपल्याकडे परत पाठविलेल्यांची मोजणीच नसते, तर त्यांच्यासाठी निधी कोठून निघणार?

आता छपराकडे वळू. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये आरंभी अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त वेठबिगार यांच्यासाठीच निघाली होती, आणि घराबरोबर निर्धूर चूल व संडास हवेत असे तिच्या नियमांतच होते. महाराष्ट्रात २००८ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. घर २६९ चौरस फुटांचे. या घरकुलांनी लक्षावधी कुटुंबांना भिंत दिली. परंतु ‘पक्के’ आणि ‘कच्चे’ हा भेद सरकारी पाहणीत भिंतीच्या आणि छपराच्या साहित्यावरून ठरतो, आत माणूस उन्हाळा कसा काढतो यावरून नव्हे. मराठवाड्या-खानदेशातले मातीचे जाड धाब्याचे घर कच्चे. एका विटेच्या भिंतीवर पत्रा टाकलेली खोली त्याच्यापेक्षा वरची. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली बसून पाहावे. धाब्याला मी भुललेलो नाही. पावसाळ्यात ते गळते, दरवर्षी माती टाकावी लागते, आणि आमच्या लोकांना धाबे नको आहे यात त्यांचे काहीच चुकत नाही. पण छपराला पांढरा थर द्यावा, पत्र्याखाली हवा खेळती ठेवावी, भिंतीत वर झरोके ठेवावेत, एवढ्या गोष्टींसाठी घरकुलाच्या हप्त्यांत वेगळी रक्कम का असू नये? तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण केले आणि सरकार गरिबांसाठी बांधील त्या घरांना ते बंधनकारक केले. आपल्या राज्यात यावर आंदोलन होऊ शकते, अशी मला खात्री आहे. उष्णतेने पत्र्याखाली झोपणारी माणसे आपलीच आहेत.

आणि शेवटी सूर्य. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने प्रधानमंत्री सूर्यघर योजना मंजूर केली. तरतूद ७५,०२१ कोटी रुपये, उद्दिष्ट एक कोटी घरे. एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित छप्पर लागते. म्हणजे घरकुलाच्या स्लॅबवर एक-दोन किलोवॉट बसूही शकतात. अडचण मापाची नाही. घर अर्जदाराच्या मालकीचे हवे, वीजजोडणी हवी, छप्पर वजन पेलणारे हवे, आणि अनुदान हे संयंत्र बसून तपासणी झाल्यावर खात्यात येते. तोवर पैसे घालावे कोणी? कर्ज घ्यावे तर मालकीचा कागद पुन्हा पुढे येतो. आमच्या कितीतरी वस्त्या गावठाणाच्या हद्दीबाहेर, गायरानावर आहेत. नमुना आठच्या उताऱ्यावर घराची नोंद असली तरी शेऱ्याच्या रकान्यात ‘अतिक्रमण’ असते. १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी ज्या भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, त्यांच्या नातवंडांना आज घरकुलासाठीही जागा विकत घ्यावी लागते. त्यासाठी राज्याने २०१५ मध्ये ५०,००० रुपयांपर्यंतची मदत सुरू केली होती. म्हणजे छपराचे अनुदान मिळविण्यासाठी आधी घराचे अनुदान, घराच्या अनुदानासाठी आधी जागेचे अनुदान, आणि जागेच्या अनुदानासाठी विकणारा कोणी तयार असावा लागतो. गावात दलिताला घरासाठी जागा विकण्यास कोण तयार होते, हे कार्यकर्त्यांना मी सांगावयास नको.

आज बहुतेक प्रत्येक वस्तीत एक पक्के, सावलीत नसलेले, कोणाच्याही एकट्याच्या मालकीचे नसलेले छप्पर आहे: समाजमंदिराचे, बुद्धविहाराचे. पुऱ्याच्या संयंत्राने पाणी आणि दिवे जसे घरटी वाटले, तशी त्या छपरावरची वीज वस्तीतल्या मीटरांवर वाटून द्यावी, आणि अनुदान वस्तीच्या नावे आगाऊ द्यावे, अशी मागणी ग्रामसभेत लेखी मांडता येईल. ठराव नामंजूर झाला तर नामंजुरीचे कारण कागदावर येईल. हाताने मैला उचलण्याच्या प्रश्नावरही कागद जमविणाऱ्यांनीच सरकारला न्यायालयात उभे केले होते. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी आपल्या गावातल्या वस्तीची साधी यादी तरी करावी: किती घरांना नमुना आठ आहे, किती छपरे पत्र्याची, किती घरांत टाकी असून चूल पेटते, वर्षात किती टाक्या भरल्या, आणि सरपणाला कोण जाते, किती वेळ जाते. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारतातील ६२.५ टक्के घरे लाकडावर स्वयंपाक करीत होती, एवढे आपल्याला सरकार सांगते. ते लाकूड कोणाच्या बांधावरून आले, हे त्या जनगणनेत विचारलेले नव्हते.